शेजाऱ्यांच्या चार वाट्या

"ऊठ," बारापात्रेताई म्हणाल्या.

रविवारची दुपार होती. मेसमधली रविवारची खीर पोटात होती आणि मी खिडकीजवळच्या कॉटवर, खिडकीच्या कट्ट्यावर पाय टाकून, जगातली सगळ्यात सुखी बाई असल्यासारखी पडले होते. डोळे उघडले तर ताई उभ्या. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात वळकटी, आणि काखेत आम्ही चारच दिवसांपूर्वी निरोपसमारंभात त्यांना दिलेलं भिंतीवरचं घड्याळ.

"ताई? तुम्ही?"

"मीच. रंगाचा वास येऊन राहिला फ्लॅटमध्ये. डोकं धरलं माझं. चार दिवस राहीन म्हणते."

"राहा ना," मी म्हटलं आणि उठून बसले. पण कॉटवरून उतरले नाही.

"तू झोप, तू झोप," त्या म्हणाल्या. "मी ती बाथरूमजवळची कॉट घेते. माझं काय बाप्पा, मी आता पाहुणी." आणि त्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की माझे हात आपोआप माझ्या चादरीची घडी घालू लागले.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची, नागपूरची. मी कराडची. विमा कंपनीत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक नागपूरला झाली. धंतोलीतल्या मुडे महिला वसतिगृहात मी दोन महिन्यांसाठी म्हणून उतरले आणि मुक्काम वाढतच गेला. तिथे सगळ्यांचंच असं व्हायचं. भाडं परवडणारं, दोन वेळचं जेवण त्यातच, त्यामुळे एकदा आलेली बाई लग्न नाहीतर बदली झाल्याशिवाय हलत नसे. तीन नंबरच्या हॉलमध्ये आम्ही आठजणी होतो. आठ कॉट, आठ कपाटं, एक पंखा आणि एक विमल बारापात्रे.

ताई सिंचन खात्यात हेडक्लार्क होत्या. वय चोपन्न, लग्न केलेलं नाही, आणि त्या हॉलमध्ये सत्तावीस वर्षं. पंखा किती नंबरवर फिरणार, आंघोळीला कोणाच्या मागे कोण जाणार, ओले टॉवेल कुठल्या दोरीवर, हे सगळं त्यांनी ठरवलेलं. खोलीत स्वयंपाक करायला बंदी होती. मी एकदा चहापुरतं पाणी उकळायला विजेची कॉइल आणली, तर त्यांनी ती दोन बोटांत उंदराच्या शेपटीसारखी धरून वॉर्डनकडे जमा केली. वॉर्डन पांढरीपांडेबाईसुद्धा त्यांना वचकून असत.

मला चौदा महिने बाथरूमला लागून असलेली कॉट मिळाली होती. सकाळी पाचपासून प्रत्येकजणी येऊन मला हलवायची आणि विचारायची, "आत कोण आहे?" मला काय माहीत आत कोण आहे? मी झोपलेली असायची. म्हणून ताईंचा स्वतःचा फ्लॅट झाला, ताबा मिळाला, त्या जायला निघाल्या, तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांनी डोळे पुसले, रझियाने तर हुंदके दिले, आणि मीही रडले, पण माझे अश्रू जरा वेगळ्या जातीचे होते. जाताना ताईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "जयश्री, आजपासून खिडकीची कॉट तुझी." ते सुख बरोबर चार दिवस टिकलं.

रंगाचा वास चार दिवसांत गेला असेल असं मला वाटत होतं. पण मग नळ गळू लागला. नळ झाल्यावर विजेचं मीटर बसायचं राहिलं. मीटर बसलं तेव्हा गॅलरीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं.

"गांधीलमाशी चावली की माणूस मरतो कधी कधी," ताई जेवताना म्हणाल्या. पानावरची आमटी त्या अगदी शेवटच्या थेंबापर्यंत पीत होत्या.

रझिया शेख मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नर्स होती. ती म्हणाली, "ताई, मी येते ना. धूर करून पळवू."

"नको नको. माणूस सांगितला आहे मी."

रोज ऑफिस सुटलं की त्या फ्लॅटवर जायच्या. कामगारांवर लक्ष ठेवायला, असं म्हणायच्या. सातला मेसची घंटा व्हायच्या आत परत. कधी एक मिनिट उशीर नाही.

आठव्या दिवशी पांढरीपांडेबाई आल्या. पाहुण्यांनी सात दिवसांच्या वर राहू नये असा नियम होता, आणि तो ताईंनीच चार वर्षांपूर्वी भांडून करून घेतला होता.

"बारापात्रेबाई, सात दिवस झाले," वॉर्डन चाचरत म्हणाल्या.

"नियम बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "पण मी पाहुणी नाही."

"मग?"

"जुनी रहिवासी."

"जुन्या रहिवाशांसाठी काही नियमच नाही हो."

"नाही ना? मग जो नियमच नाही, तो मी मोडणार कसा?"

पांढरीपांडेबाई तशाच निघून गेल्या. मी बाथरूमजवळच्या कॉटवर बसून हे ऐकत होते. कोणीतरी मला हलवलं आणि विचारलं, "आत कोण आहे?"

पुढच्या सोमवारी मी रजेवर होते. दुपारी हॉस्टेलच्या ऑफिसमधला फोन वाजला आणि वॉर्डनबाई जेवायला गेलेल्या, म्हणून मी उचलला.

"मी मनोहर बारापात्रे बोलतो, उमरेडहून," पलीकडून खणखणीत आवाज आला. हे ताईंचे थोरले भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक. "विमलच्या ऑफिसात फोन केला, तर म्हणाले पत्ता अजून हॉस्टेलचाच आहे. ती तिथेच आहे का?"

"हो काका. फ्लॅटचं रंगकाम चाललंय ना."

"रंग? रंग तर ताबा घ्यायच्या आधीच झाला. मी स्वतः हात लावून पाहिला. वाळला होता."

मी घाईघाईने नळाचं सांगितलं. नळ त्यांनी स्वतः सोडून पाहिले होते. मग मीटरचं सांगितलं. मीटरचा नंबर त्यांच्या डायरीत होता. गांधीलमाश्यांचा विषय मी काढलाच नाही.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. "एकट्या बाईला घर सांभाळणं जमत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं तिला. आमच्या परागचं लग्न आहे मे महिन्यात, त्याला नागपुरात जागा पाहिजेच आहे. तिला सांग, रविवारी मी आणि तिची वहिनी येतो जेवायला. फ्लॅटवर. मग सगळं बोलून टाकू."

मी फोन ठेवला. खरं सांगते, मला पहिल्यांदा आठवली ती कॉट. पराग फ्लॅटमध्ये आला, तर ताई जन्मभर हॉलमध्ये. म्हणजे मी जन्मभर बाथरूमजवळ.

संध्याकाळी मी फ्लॅटवर गेले. रिंग रोडच्या पलीकडे नवी वस्ती होती, दुसरा मजला. दार नुसतं लोटलेलं होतं. रंगाचा वास नव्हता, माश्या नव्हत्या, कामगार नव्हते. बाहेरच्या खोलीत पलंगावर स्वच्छ चादर, इस्त्री केल्यासारखी. आत स्वयंपाकघरात ताई एका खुर्चीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन, एस.टी.ची वाट पाहत बसावं तशा. समोर नवी कोरी शेगडी. फळीवर नवी भांडी, सगळ्यांवर दुकानातली चिकटपट्टी तशीच. आणि ओट्यावर, घासूनपुसून एका रांगेत ठेवलेल्या, चार वेगवेगळ्या घरांतल्या चार वाट्या.

मला पाहून त्या उठल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"ताई, मनोहरकाकांचा फोन होता. रविवारी जेवायला येणार आहेत."

"इथे?"

"इथे."

त्यांनी पर्स घट्ट धरली. मी वाट्यांकडे बोट दाखवलं. "या कोणाच्या?"

"ही समोरच्या ठवकरबाईंची. मी आले त्या दिवशी शेवयांची खीर दिली होती. ही वरच्या मजल्यावरची. वांग्याचं भरीत. ही खालच्या मुलीने आणली, गोड भात होता. ही चौथी कोणाची ते मला माहीत नाही. दार वाजलं, उघडलं, वाटी हातात आली."

"मग परत का नाही दिल्या?"

"रिकामी वाटी परत देतात का कोणी?" ताई म्हणाल्या. "तुझ्या कराडला देतात?"

"नाही. पण काहीतरी करून..."

मी बोलता बोलता थांबले. शेगडीच्या नळीला अजून प्लास्टिकची टोपी होती.

"ताई, तुम्हाला..."

"दार लाव आधी," त्या म्हणाल्या. मी दार लावून आले. "अठराव्या वर्षी आई गेली. दादाने मला शिकायला नागपूरला ठेवली, कॉलेजच्या हॉस्टेलवर. मेस. मग नोकरी, मग मुडे हॉस्टेल. मेस. छत्तीस वर्षांत मी चहासुद्धा केला नाही, जयश्री. आणि आडनाव पाहा, बारापात्रे. पहिल्या दिवशी ठवकरबाई आल्या आणि म्हणाल्या, आज काय केलं जेवायला? मी सांगितलं, आज उपास आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. किती उपास करू?"

"म्हणून हॉस्टेलवर आलात?"

"बिस्किटांवर चार दिवस काढले. सकाळी त्या दूध घ्यायला बाहेर येतात, म्हणून मी त्यांच्या आधी ऑफिसला निघायची. स्वतःच्या घरातून चोरासारखी."

मला हसू येत होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं. मग परागचं सांगितलं. ताई ताठ झाल्या.

"फ्लॅट माझा आहे," त्या म्हणाल्या. "पण दादापुढे मला बोलता येत नाही. त्याने मला शिकवली. तो विचारील, विमल, तुला घर चालवता येतं का? मी काय सांगू?"

"आज सोमवार आहे," मी म्हटलं. "रविवारपर्यंत शिकवते मी तुम्हाला."

माझ्या मनात काय होतं ते मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. रझियाची पाळी सकाळची होती, त्यामुळे तीही संध्याकाळी यायची. तिला आम्ही सगळं सांगितलं, ती पोटभर हसली आणि मग कांदे चिरायला बसली. ताईंनी ऑफिसातून नवी वही आणली होती. तिला त्यांनी समास पाडले होते.

"लिहा," मी म्हणायची. "मीठ, चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हणजे किती?"

"अंदाजाने."

"कोणाच्या अंदाजाने?"

"तुमच्या, ताई."

"माझा अंदाज असता तर तुला कशाला बोलावलं असतं?"

मोहरी किती तडतडू द्यायची, कांदा गुलाबी म्हणजे नेमका कुठला गुलाबी, यावर त्या मला खात्याचं पत्र आल्यासारखे प्रश्न विचारायच्या. मी "सांबार" म्हटलं की डाळ-भाज्यांचं पातळ सांबार, आणि नागपूरला सांबार म्हणजे कोथिंबीर, त्यामुळे बुधवारी वहीत काय लिहिलं गेलं ते देवालाच माहीत. पोळ्या तर विचारू नका. रझिया एकेक पोळी उचलून धरायची. "ही चंद्रपूर जिल्हा. ही भंडारा. आणि ही, ताई, बहुतेक श्रीलंका."

सगळ्यात वाईट कुकर. ज्या बाईपुढे वॉर्डन चाचरायची, ती बाई कुकर शेगडीवर चढवला की बाहेरच्या खोलीत जाऊन पडद्याआड उभी राहायची. शिट्टी झाली की तिथूनच ओरडायची, "फुटला का?"

"नाही ताई, झाला."

"किती झाल्या?"

"एक."

"अजून होणार आहेत?"

शुक्रवारी पातेल्याचा तळ करपला, वरणात मीठ दोनदा पडलं आणि ताईंच्या अंगठ्याला चटका बसला. आम्ही तिघी निमूट हॉस्टेलवर परतलो आणि मेसमध्ये पोटभर जेवलो. ताईंनी चार पोळ्या खाल्ल्या, प्रत्येक घासाकडे नीट पाहत. मेसच्या सरस्वताबाई वाढायला आल्या तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "सरस्वताबाई, सत्तावीस वर्षं जेवले तुमच्या हातचं. कधी छान झालं म्हणून बोलले नाही." सरस्वताबाई घाबरून डाव घेऊनच पळाल्या.

शनिवारी मी माझा बेत सांगितला. "रविवारी मी सकाळीच जाऊन स्वयंपाक करते. तुम्ही फक्त वाढा. कोणी विचारलं तर मी तुमच्याकडे आलेली पाहुणी."

"हे खोटं आहे," ताई म्हणाल्या.

"आणि गांधीलमाश्या?"

त्यांनी वही मिटली.

रविवारी रझियाची ड्यूटी होती, म्हणून मी एकटीच. सकाळी आठला पदर खोचला आणि अकराला भरली वांगी, मटकीची उसळ, वरण, भात, पोळ्या, काकडीची कोशिंबीर, सगळं ओट्यावर झाकून ठेवलं. ताईंच्या गालाला पिठाचं बोट लावायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला.

साडेअकराला मनोहरराव आले. उंच, पांढराशुभ्र सदरा, हातात मिटलेली छत्री. मागून कुसुमवहिनी. बारीक, सावळ्या, हातात कापडी पिशवी. आत येता येता त्यांनी कोणी न विचारताच सांगितलं, "चारला उठली. संध्याकाळचं यांचं करून, झाकून ठेवून आली." मग पिशवीतून लसणाची चटणी, लोणचं आणि भाकऱ्यासुद्धा काढल्या. "यांना पोळी चालते, पण भाकरी असलेली बरी."

मनोहरराव शाळा तपासणीला आल्यासारखे घरभर फिरले. नळ सोडून पाहिले, भिंतीवर टिचक्या मारल्या, गॅलरीत वर पाहिलं. मी उगाच त्यांच्यामागे गेले, काही विचारलं तर जवळ असावं म्हणून.

"जागा छान आहे," ते म्हणाले. "इथे परागचं कपाट येईल. तिथे सूनबाईचं शिवणयंत्र."

ताईंनी पाटपाणी घेतलं. मी वाढायला मदत केली. जेवण सुरू झालं. मनोहररावांनी वांग्याचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"विमल," ते म्हणाले, "आईची आठवण आली. अगदी तिच्यासारखं केलं आहेस."

माझा जीव भांड्यात पडला. ताईंच्या हातातली वरणाची पळी मात्र जागच्या जागी थांबली.

"पण मी काय म्हणतो," मनोहरराव पुढे म्हणाले, "एकट्या माणसासाठी एवढा रगाडा कशाला? हॉस्टेलात तू सुखी होतीस. पराग आणि सूनबाई इथे राहतील, घर वापरात राहील. तू येत जा ना सणावाराला."

मी ताईंकडे पाहिलं. डोळ्यांनी खुणावलं की म्हणा, मला स्वयंपाकाची आवड आहे, म्हणा रोज करते, काहीही म्हणा. ताईंनी पळी पातेल्यात ठेवली आणि पदराला हात पुसले.

"दादा, ही वांगी मी केली नाहीत."

"म्हणजे?"

"हिने केली. सगळंच हिने केलं. मला स्वयंपाक येत नाही."

माझ्या हातात पोळ्यांचा डबा होता. तो घेऊन कुठे जावं ते मला कळेना. आठवडाभराची मेहनत, चंद्रपूर, भंडारा, सगळं पाण्यात.

"अजिबात येत नाही?" मनोहररावांनी विचारलं.

"चहासुद्धा नाही. तू मला हॉस्टेलवर ठेवलंस ना, तेव्हापासून मी मेसमध्ये जेवते. आठवडाभर शिकून पाहिलं. नाही जमत. आणि खरं सांगू का, आवडतही नाही."

मनोहररावांनी घास खाली ठेवला. त्यांना हसावं की रागवावं ते ठरत नव्हतं. शेवटी ते हसलेच. "अगं वेडे, मग घर कशाला घेतलंस?"

"राहायला," ताई म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही.

तेवढ्यात पानावर बसल्यापासून एक शब्द न बोललेल्या कुसुमवहिनी म्हणाल्या, "मग जेवणार काय, विमलताई?"

"डबा लावीन. आमच्या मेसच्या सरस्वताबाईंची बहीण डबे देते. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"दोन्ही वेळचा?"

"दोन्ही वेळचा."

"आणि भांडी?"

"एक डबा आणि एक ताट. धुवून ठेवायचं."

वहिनींनी नीट जेवण केलं, अगदी सावकाश. हात धुतले. बाहेरच्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या, आणि मग, सकाळपासून पहिल्यांदाच, पाय वर घेऊन मागे टेकल्या. मनोहरराव छत्री शोधू लागले.

"चल," ते म्हणाले. "दोनची गाडी आहे."

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाल्या. "मी राहते इथे थोडे दिवस."

"इथे? कशाला?"

"राहायला."

ताईंच्या चेहऱ्यावर मी असं आश्चर्य आधी कधी पाहिलं नव्हतं. मनोहरराव खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"आणि माझ्या जेवणाचं?"

"संध्याकाळचं झाकून ठेवलं आहे," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून डबा लावा."

ते ताईंकडे वळले, बहुधा आधारासाठी. ताई म्हणाल्या, "दादा, गाडी चुकेल." पराग आणि शिवणयंत्र यांचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही.

मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेले, कारण वर थांबणं मला बरं वाटेना. जिन्यात ते एका पायरीवर थांबले. वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "बेटा, उमरेडला डबेबिबे कोणी देत नाही. वरणाला कुकरच्या शिट्ट्या किती करतात?"

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून डायरी काढली, तीच, ज्यात मीटरचा नंबर होता, आणि लिहून घेतलं. "आणि हळद?"

"डाळ लावतानाच. पाव चमचा."

"पाव," त्यांनी लिहिलं. "अंदाजाने सांगितलं नाहीस, बरं केलंस."

मी परत वर गेले तेव्हा दार उघडं होतं आणि घरात कोणी नव्हतं. ओट्यावरच्या वाट्याही नव्हत्या. समोरच्या दारात ताई उभ्या होत्या, वहिनी त्यांच्या मागे. वाटीत माझी भरली वांगी होती.

"ठवकरबाई," ताई सांगत होत्या, "वाटीला उशीर झाला. वांगी या मुलीने केली आहेत. मला स्वयंपाक येत नाही, पुढच्या वेळी तुम्ही खीर दिली तर मी पेढे घालून देईन, चालेल?"

"चालेल काय," ठवकरबाई म्हणाल्या, "मी रोज देते खीर."

चौथी वाटी कोणाची, ते चार दारं ठोठावल्यावर कळलं.

सोमवारी ताईंनी हॉस्टेलमधून सुटकेस, वळकटी आणि घड्याळ नेलं. या वेळी निरोपसमारंभ झाला नाही, पांढरीपांडेबाईंनी फक्त फाटकापर्यंत येऊन खात्री करून घेतली. मी त्याच दुपारी खिडकीच्या कॉटवर चादर घातली. पण पुढचे रविवार मी बहुतेक ताईंकडेच काढले, डब्यातलं खात आणि वहिनींकडून उमरेडच्या गोष्टी ऐकत.

वहिनी चौदा दिवस राहिल्या. दोघी संध्याकाळी फिरायला जायच्या, एकदा नाटकाला गेल्या, एकदा सिनेमाला. पंधराव्या दिवशी, तोही रविवारच होता, मनोहरराव न्यायला आले. हातात छत्री नव्हती, स्टीलचा डबा होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि कोणाकडे न पाहता झाकण काढलं. आत वरण होतं, पिवळंधमक, जरा जास्तच घट्ट.

ताईंनी चमच्याने चाखून पाहिलं. थोडा विचार केला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी डायरी काढली. वहिनींनी ताट घेतलं, सरस्वताबाईंच्या बहिणीच्या डब्यातला भात वाढून घेतला, त्यावर ते वरण ओतलं आणि जेवायला बसल्या. मग भात संपला, तशी त्यांनी ताट पुढे केलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वाढा अजून."

त्यांनी वाढलं.